कोण कुणाशी खेळणार?



मे महिन्याची सुटी असो की दिवाळीची, सोसायटीच्या गेटाशी संध्याकाळी पाच वाजता काय चालतं ते मला ठाऊक आहे. बॅट आलेली असते, बॉल आलेला असतो, स्टंप म्हणून विटांची चळत लागलेली असते. तरी मॅच सुरू होत नाही. का? भिडू पाडायचे असतात ना!

दोन कॅप्टन बाजूला उभे राहतात. बाकीचे सारख्या ताकदीच्या जोड्या करतात. जोडीतले दोघं जरा लांब जाऊन कानात कुजबुजतात, आपापलं गुपित नाव ठरवतात, आणि गळ्यात हात घालून येतात. “चांद पाहिजे का सूरज?” एक कॅप्टन म्हणतो, “सूरज!” झालं, एक भिडू इकडे, एक तिकडे. हे कुणी कुणाला शिकवलेलं नसतं. पण यात केवढी अक्कल आहे बघा. दोन्ही चांगले बॉलर एकाच बाजूला जाऊ नयेत म्हणून त्यांची जोडी लावायची, आणि कॅप्टनला कळू नये म्हणून नाव बदलायचं. मोठमोठ्या स्पर्धांचे गट पाडताना मोठी माणसंही हेच करतात. सारख्या ताकदीच्या संघांच्या चिठ्ठ्या एका भांड्यात टाकतात आणि एकेक चिठ्ठी एकेका गटात घालतात.

शेवटी एखादा लहान भाऊ किंवा बहीण उरते. “मला पण घ्या ना!” मग कुणीतरी म्हणतं, “बरं, हा कच्चा लिंबू.” कच्चा लिंबू दोन्हीकडून खेळतो. त्याला आऊट करत नाहीत, आणि त्याच्या रन मोजतही नाहीत. तो खेळात असतो, पण हिशेबात नसतो. हा कच्चा लिंबू जरा लक्षात ठेवा. तो आज आपल्याला बऱ्याच ठिकाणी भेटणार आहे.

म्हणजे कुठलाही खेळ सुरू होण्याआधी दोन प्रश्न सोडवावे लागतात. पहिला, खेळायला कोणाकोणाला घ्यायचं? दुसरा, कोण कुणाशी आणि कधी खेळणार? टीव्हीवर आपण चौकार-षटकार बघतो. पण ही दोन उत्तरं आधीच कुठेतरी कागदावर लिहिलेली असतात, आणि कधीकधी निम्मा निकाल त्या कागदावरच लागलेला असतो! कसा, ते आज बघू.

आधी थोडं गणित

घाबरू नका, सोपं आहे.

समजा १६ संघ आहेत आणि स्पर्धा बाद पद्धतीची आहे. हरला तो घरी गेला. एकूण सामने किती? आठ, मग चार, मग दोन, मग एक. बेरीज १५. पण बेरीज न करताही उत्तर सांगता येतं. एका सामन्यात एकच संघ बाद होतो. शेवटी एकच विजेता उरायला हवा, म्हणजे १५ जण बाद व्हायला हवेत. म्हणून सामने १५. संघ शंभर असले तर ९९. आहे की नाही गंमत?

बाद पद्धत स्वस्त आणि मस्त. मैदान थोडे दिवस पुरतं. पण तोटाही लक्षात घ्या. १६ पैकी आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. महिनाभर सराव करायचा, आईकडून पांढरी पँट शिवून घ्यायची, आणि पहिल्याच रविवारी अर्ध्या तासात खेळ खलास!

दुसरी पद्धत साखळीची. इथे प्रत्येकजण प्रत्येकाशी खेळतो. आता सामने किती? सहा संघ असतील तर प्रत्येकाचे पाच. सहा पंचे तीस. पण मुलुंड विरुद्ध बोरिवली आणि बोरिवली विरुद्ध मुलुंड हा एकच सामना आपण दोनदा मोजला. म्हणून तीसचे निम्मे, पंधरा.

आता मोठ्यांच्या रणजी करंडक स्पर्धेकडे या. तिच्यात ३८ संघ आहेत. सगळे सगळ्यांशी खेळले तर? ३८ गुणिले ३७ भागिले २, म्हणजे ७०३ सामने! प्रत्येक संघाला ३७ सामने, आणि साखळीतला एक सामना चार दिवसांचा. म्हणजे १४८ दिवस नुसता खेळ. प्रवास आणि विश्रांती वेगळी. पावसाळा मध्ये आलाच. जमेल का? नाही जमणार. म्हणून गट पाडावे लागतात. आणि गट पाडायचे म्हटलं की भांडणं आलीच.

खुर्च्यांची युक्ती

गटांकडे जाण्याआधी एक युक्ती शिकून घ्या. तुमच्या सोसायटीच्या स्पर्धेचं वेळापत्रक तुम्हीच करू शकाल. माझ्या चौथीच्या मुलांना ती दहा मिनिटांत जमते.

समजा सहा संघ आहेत. सहा खुर्च्या समोरासमोर मांडा, तीन इकडे, तीन तिकडे. एका रांगेत मध्य रेल्वेवाले बसवा: मुलुंड, भांडुप, घाटकोपर. त्यांच्या समोर पश्चिम रेल्वेवाले: बोरिवली, अंधेरी, पार्ले. जो ज्याच्या समोर, तो त्याच्याशी खेळणार. पहिला रविवार ठरला:

मुलुंड–बोरिवली, भांडुप–अंधेरी, घाटकोपर–पार्ले.

आता मुलुंडला खुर्चीला चिकटवून टाका. तो हलायचा नाही. बाकीच्या पाचजणांनी घड्याळाच्या काट्यासारखं एकेक खुर्ची पुढे सरकायचं. बोरिवली मुलुंडच्या शेजारी येईल, भांडुप तिच्या पुढे, घाटकोपर वळून समोरच्या रांगेत जाईल. दुसरा रविवार:

मुलुंड–अंधेरी, बोरिवली–पार्ले, भांडुप–घाटकोपर.

परत एक खुर्ची सरका. तिसरा रविवार:

मुलुंड–पार्ले, अंधेरी–घाटकोपर, बोरिवली–भांडुप.

चौथा आणि पाचवा रविवार तुम्ही कागदावर करा. पाच रविवारांत पंधरा सामने होतात, एकही जोडी दोनदा येत नाही आणि कुणी राहत नाही.

आणि संघ पाचच असले तर? मग सहावी खुर्ची रिकामी ठेवा. जो रिकाम्या खुर्चीसमोर येईल, त्याला त्या रविवारी सुटी. यालाच ‘बाय मिळाला’ म्हणतात. प्रत्येकाला एकेकदा सुटी मिळते, म्हणून कुणाची तक्रार नाही.

लोकलच्या रुळांवरचे गट

आता गट पाडू. सगळ्यात सोपा गट कोणता? जवळच्यांचा. मध्य रेल्वेचे तिघे एका गटात, पश्चिम रेल्वेचे तिघे दुसऱ्यात. मग किटबॅग खांद्यावर टाकून दादरला पूल चढायला नको. प्रत्येक गटात तीन सामने. दोन्ही गटांतला पहिला अंतिम सामन्यात. एकूण सामने सात. पंधरावरून सातवर आलो. छान!

पण थांबा. समजा सगळ्यात तगडे दोन संघ मुलुंड आणि घाटकोपर आहेत. दोघंही मध्य रेल्वेवर, आणि गटातून पुढे जाणार एकच. मग दुसऱ्या क्रमांकाचा उत्तम संघ घरी बसणार, आणि पश्चिम रेल्वेचा तिसऱ्या ताकदीचा संघ अंतिम सामना खेळणार. चूक कुणाची? घाटकोपरची? छे! त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांचं स्टेशन मुलुंडच्या रुळावर आहे.

हे नुसतं ‘समजा’ नाही बरं का. हे आपल्या महाराष्ट्राच्या संघाच्या बाबतीत खरंच घडलेलं आहे.

रणजी स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली. मुंबईने पहिलाच करंडक जिंकला. आपल्या एका राज्यात तीन संघ आहेत हे तुम्हाला माहीत असेलच: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. तेव्हा देशाचे विभाग पाडलेले होते. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र. विदर्भ मात्र मध्य विभागात, राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि रेल्वेबरोबर.

महाराष्ट्राचा संघ काही लेचापेचा नव्हता. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली त्याने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला होता. पण पुढे १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने सलग पंधरा वर्षं करंडक जिंकला. पंधरा! त्या काळात तुम्ही पहिलीत गेला असतात तर कॉलेज संपेपर्यंत तुम्हाला दुसरा विजेता दिसला नसता. आणि त्यातली बरीच वर्षं विभागातून एकच संघ पुढे जाई. मग पश्चिम विभागातल्या बाकीच्या चौघांनी काय करायचं? देशातला दोन नंबरचा संघ असलात, तरी मुंबईच्या विभागात आहात म्हणून डिसेंबर-जानेवारीतच तुमचा हंगाम संपला.

१९७०-७१ पासून नियम बदलला. प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे जाऊ लागले. आणि त्याच वर्षी अंतिम सामना कुणात झाला असेल? मुंबई आणि महाराष्ट्र! मुंबईचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर गेले होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली नव्या पोरांनी तो करंडक जिंकला. महाराष्ट्र हरला खरा, पण अंतिम सामन्यापर्यंत पोचला. आदल्या वर्षीचाच नियम असता तर हे दोघं अंतिम सामन्यात समोरासमोर आलेच नसते. खेळाडू तेच, मैदान तेच. बदलली होती फक्त कागदावरची एक ओळ.

वरचा वर्ग, खालचा वर्ग

विभागांची ही पद्धत २००१-०२ पर्यंत चालली. मग मंडळाने ठरवलं, जवळ-लांब सोडा, ताकद बघून गट पाडा. २००२-०३ पासून ‘एलिट’ आणि ‘प्लेट’ असे दोन स्तर आले. एलिट म्हणजे वरचा वर्ग, प्लेट म्हणजे खालचा. प्लेटमधला चांगला खेळणारा वर चढतो, एलिटमध्ये तळाला राहणारा खाली उतरतो. हल्ली एलिटमध्ये ३२ संघ असतात, आठ-आठांचे चार गट. प्लेटमध्ये सहा.

अशी शिडी मुंबईकरांना नवी नाही. आपली कांगा लीग १९४८ पासून चालू आहे, तीही भर पावसाळ्यात, मुद्दाम. ओल्या खेळपट्टीवर जो टिकला तो कुठेही टिकेल, हा त्यामागचा विचार. तिच्यातही ‘ए’पासून खाली डिव्हिजन आहेत, आणि क्लब वर-खाली होत असतात.

शिडी चांगली, कारण तिच्यावरून कुणीही वर जाऊ शकतं. २०१०-११ साली राजस्थानचा संघ प्लेटमध्ये होता. त्याने हैदराबादला एका डावात अवघ्या २१ धावांत गुंडाळलं. दीपक चहर नावाच्या पोराने १० धावांत ८ बळी घेतले. आणि मग वर चढत चढत थेट रणजी करंडकच जिंकला! कप्तान होते हृषिकेश कानिटकर, आपल्या पुण्याचे. उलटही होतं. हैदराबादने दोनदा रणजी जिंकली आहे, पण २०२३-२४ साली त्याला प्लेटमध्ये खेळावं लागलं. तिथे तो पहिला आला आणि परत वर गेला. मोठं नाव आहे म्हणून शिडी कुणाला सूट देत नाही.

आता माझ्या मनातला खरा प्रश्न. कच्च्या लिंबाला तगड्या संघाशी खेळवावं का?

जानेवारी २०२५ मधल्या दोन सामन्यांची गोष्ट सांगते. दोन्ही आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर झाले, लागोपाठच्या आठवड्यांत. पहिल्यात मुंबईसमोर होता जम्मू-काश्मीर. मुंबईकडून रोहित शर्मा खेळत होता. करंडक ४२ वेळा जिंकलेला संघ एका बाजूला, आणि तोवर एकदाही अंतिम फेरी न गाठलेला दुसऱ्या बाजूला. जिंकलं कोण? जम्मू-काश्मीर, पाच गडी राखून! त्याआधी डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी मुंबईला वानखेडेवरही हरवलं होतं. दुसरा सामना मेघालयाशी. मेघालय आदल्या वर्षीच प्लेटमधून वर आला होता. तो पहिल्या डावात ८६ धावांत बाद झाला. मुंबईने ७ बाद ६७१ केल्या, आणि एक डाव आणि ४५६ धावांनी सामना जिंकला.

काही जण म्हणतील, “बघा, म्हणूनच दुबळ्यांना वेगळं ठेवावं.” दुसरे म्हणतील, “मग जम्मू-काश्मीर शिकला कुठे?” तुम्हाला काय वाटतं? मला वाटतं, दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. रोज ४५६ धावांनी हरणाऱ्याचं मन मोडतं. पण ज्याला तगड्यासमोर कधी उभंच केलं नाही, तो कच्चा लिंबूच राहतो. म्हणून शिडी हवी, पण तिची वरची पायरी बंद नको.

ज्यांना संघच नव्हता

आतापर्यंत आपण दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोललो. आता पहिला प्रश्न. मुळात खेळायला कोणाकोणाला घ्यायचं?

नोव्हेंबर २००० मध्ये बिहार राज्यातून झारखंड वेगळं झालं. मंडळाचं पूर्ण सदस्यत्व झारखंडकडे गेलं, आणि बिहारचा संघ रणजी स्पर्धेतून बाहेर पडला. पुढे बरीच वर्षं बिहारमधल्या मुलाला स्वतःच्या राज्याकडून रणजी खेळायची सोयच नव्हती. इशान किशन पाटण्याचा, पण खेळला झारखंडकडून. ज्याला दुसऱ्या राज्यात जाणं परवडलं तो गेला. बाकीच्यांनी काय केलं असेल? बॅट माळ्यावर टाकली असेल.

२०१८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने बिहारला खेळू द्या असं सांगितलं. २०१८-१९ च्या हंगामात बिहार परत आला. त्याच्याबरोबर उत्तराखंड, पुदुच्चेरी आणि ईशान्येकडची सहा राज्यं आली. एकदम नऊ नवे संघ! तेव्हाही बरेच जाणकार कुरकुरले, “एवढी गर्दी कशाला? दर्जा घसरेल.”

मग ५ जानेवारी २०२४ रोजी पाटण्यात बिहार विरुद्ध मुंबई सामना सुरू झाला. बिहारकडून समस्तीपूरचा एक मुलगा पहिल्यांदा खेळायला उतरला. वय बारा वर्षं! तुमच्यातल्या सातवीतल्या मुलाएवढा. त्याने धावा केल्या १९ आणि १२. त्याचं नाव वैभव सूर्यवंशी. एप्रिल २०२५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याने आयपीएलमध्ये ३५ चेंडूंत शतक ठोकलं, तेव्हा सगळ्या देशाला ते नाव पाठ झालं. बिहारला तेव्हा परत घेतलंच नसतं, तर बारा वर्षांच्या त्या मुलाला मुंबईसमोर उभं कुणी केलं असतं?

सदस्यत्वाची ही गोष्ट आपल्या मुंबईत फार जुनी आहे. रणजीच्याही आधी इथे मोठी स्पर्धा होती, तिचे संघ धर्मावरून पाडलेले होते. आधी युरोपियन आणि पारशी. १९०७ साली हिंदू आले, स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ साली मुस्लिम आले, ती चौरंगी झाली. १९३७ पासून उरलेल्या सगळ्यांसाठी पाचवा संघ झाला. त्याचं नावच मुळी ‘द रेस्ट’, म्हणजे ‘बाकीचे’!

विजय हजारे ख्रिस्ती होते, म्हणून ते या ‘बाकीच्यां’त. १९४३ च्या डिसेंबरात ब्रेबॉर्नवर हिंदूंविरुद्ध अंतिम सामना होता. दुसऱ्या डावात ‘बाकीच्यां’च्या एकूण धावा ३८७, त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! तरी संघ हरला.

आणि हिंदू संघात तरी सगळे सारखे होते का? पाळवणकर बाळू हे त्या काळातले अव्वल डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण ते त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या चांभार कुटुंबातले. पुण्यात त्यांना चहा वेगळ्या भांड्यात, बाहेर दिला जाई. बॉलिंग हवी होती, पण पंगत नको होती. बाळूंना हिंदू संघाचं कप्तानपद कधीच मिळालं नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते मिळालं, १९२३ साली. संघात घेणं आणि बरोबरीने वागवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून कळतं.

धर्मावरून संघ पाडू नयेत असं गांधीजींनी १९४० साली जाहीरपणे सांगितलं. ती पंचरंगी स्पर्धा १९४६ साली बंद झाली. रणजीत तुम्ही कुठल्या गावचे एवढंच विचारतात. हा केवढा मोठा बदल होता, हे आज पटकन लक्षात येत नाही.

दहा म्हणजे अठरा!

जाता जाता अमेरिकेची एक गंमत. तिकडे कॉलेजांचा फुटबॉल फार लोकप्रिय आहे. आपला गोल बॉलचा नव्हे, तर अंड्याच्या आकाराचा बॉल हातात घेऊन पळतात तो. तिथली विद्यापीठं गटागटाने राहतात. गटाला म्हणतात कॉन्फरन्स. पूर्वी हे गट शेजारपाजारच्यांचे असत, आपल्या पश्चिम विभागासारखे. पण टीव्हीवाले जिथे जास्त पैसे देतात, त्या गटात जायची चढाओढ लागली. २०२४ साली पश्चिम किनाऱ्यावरची चार विद्यापीठं ‘बिग टेन’ या गटात गेली. नाव ‘मोठे दहा’, आणि आत संघ अठरा! त्याहून मजा म्हणजे पॅसिफिक समुद्राजवळची दोन विद्यापीठं ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या गटात गेली. म्हणजे रत्नागिरीच्या शाळेने ‘बंगालचा उपसागर शालेय मंडळा’त नाव घालावं तसं!

हसू येतं, पण पुढचं ऐका. तिथली व्हॉलीबॉल खेळणारी मुलंमुलीही आता सामन्यासाठी अख्खा देश ओलांडून विमानाने जातात. तास बुडतात. आणि सगळे सोडून गेल्यावर ज्या गटात बारा होते, तिथे उरली फक्त दोन विद्यापीठं. भिडू पाडताना सगळे चांगले भिडू एका बाजूला पळाले, तर मागे राहिलेल्यांनी खेळायचं कुणाशी?

आई-बाबांसाठी दोन ओळी

तुमच्या सोसायटीत, मंडळात, शाळेत स्पर्धा ठरेल तेव्हा बक्षिसाचा कप किती उंच याआधी एक प्रश्न विचारा: सगळ्यात दुबळ्या संघाला किती सामने मिळणार? सरळ बाद पद्धत लावली तर अर्धी मुलं एक सामना खेळून दिवसभर कठड्यावर बसतात. आठ संघ असतील तर चार-चारांचे दोन गट पाडा. प्रत्येकाला तीन सामने नक्की मिळतात, आणि अंतिम सामना धरून एकूण १३ सामने होतात. सहा-सहा ओव्हरचे ठेवले तर दोन रविवारांत उरकतात. गट पाडताना मुलांनाच बोलवा. चांद-सूरज त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं जमतं. मुलींचा संघ वेगळा काढण्याइतक्या मुली नसतील, तर त्यांनाही जोड्यांत घ्या. त्यांना कच्चा लिंबू करू नका.

आणि मुलांनो, तुमच्याकडच्या कच्च्या लिंबालाही एक दिवस खराखुरा आऊट करा. तो रडेल. रडू द्या. दुसऱ्या दिवशी तोच सगळ्यांआधी गेटाशी उभा असेल. कारण आऊट झाला, म्हणजे तो आता हिशेबात आला.

डोकं चालवा

१. कबड्डीचे २७ संघ, बाद पद्धत. एकूण सामने किती?

२. कुर्ला, विक्रोळी, भांडुप, मुलुंड आणि ठाणे असे पाच संघ. प्रत्येकजण प्रत्येकाशी एकदा खेळणार. एका रविवारी एका संघाचा एकच सामना. कमीत कमी किती रविवार लागतील?

३. आठ संघांच्या गटात प्रत्येकाचे सात सामने. प्रत्येक सामना दोघांपैकी एकाच्या मैदानावर. सगळ्यांना ‘घरी’ खेळायची संधी अगदी सारखी मिळेल का?

उत्तरं खाली आहेत, पण आधी खुर्च्या मांडून बघा!

(उत्तरं: १. २६. २. पाच रविवार, दर रविवारी दोन सामने आणि एकाला सुटी. ३. नाही. एकूण सामने २८, संघ आठ, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन सामने घरी. अर्धा सामना घरी खेळता येत नाही! म्हणून काहींना चार, काहींना तीन. पुढच्या वर्षी उलट करायचं.)